बारदान वजा करून

साल दोन हजार बावीस. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि घरच्यांच्या मते दुकानात खुर्ची अडवून बसायचं माझं वय राहिलं नव्हतं. मी अडवून बसत होतो. अजूनही बसतो.

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या बाजाररस्त्यावर आमचं चष्म्याचं दुकान आहे. माझं शिक्षण चौथी. त्यानंतर शाळेचं आणि माझं पटलं नाही, त्यात चूक शाळेची होती. दिवाळी अंकवाले लोक आले आणि म्हणाले, काकाजी, तुम्ही अनुभव सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, मी बोलणार आणि तुम्ही लिहिणार म्हणजे त्यात माझं कमी अन् तुमचंच जास्त येणार. कागद द्या इकडे. तर हे माझ्या हातचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ सुनेने दुरुस्त केले. बाकी एक शब्द तिला हलवू दिला नाही.

सुनेचं नाव सुजाता. माहेर सिंदी मेघेचं. नागपूरला राहून तिने डोळे तपासायचा कोर्स केला. दुकानात मशीन ती चालवते आणि गिऱ्हाईक मी चालवतो. आमचं रोज भांडण होतं आणि त्याच्यावरच दुकान चालतं.

आता धंद्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. तरुणपणी डोळा लवचिक असतो. पुस्तकावरून उठून लांब शेताच्या धुऱ्यावर जातो, धुऱ्यावरून सुईत येतो, कोणाला विचारत नाही. चाळिशी ओलांडली की तो एका जागी अडून बसतो, माझ्यासारखा. मग त्याच्यापुढे काच धरून सांगावं लागतं, की बाबा, इतक्या अंतरावर पाहा. काचेला अक्षर कळत नाही, आकडा कळत नाही, सुंदर बाई कळत नाही. काचेला फक्त अंतर कळतं.

माझ्या उमेदीच्या काळात अंतरं दोनच होती. एक जवळचं, म्हणजे तांदळातले खडे. दुसरं लांबचं, म्हणजे एसटीची पाटी. दोन्ही पाहिजे असेल तर बायफोकल, वरच्या भागातून लांबचं दिसणार आणि खालच्या चंद्रकोरीतून जवळचं. विषय संपला. मग पडदे आले आणि मधातलं अंतर जन्माला आलं. मोबाईल वीतभर, कॉम्प्युटर हातभर, टीव्ही त्या भिंतीवर. माणसाचं नाक मात्र एकच. प्रत्येक पडद्याची काच निराळी लागते, आणि ते गिऱ्हाइकाला पटवताना मला जेवढा घाम आला तेवढा हाताने काच घासताना कधी आला नाही.

एकाच काचेत तिन्ही अंतरं बसवलेला चष्मा मिळतो, प्रोग्रेसिव्ह म्हणतात. चांगला असतो. पण त्यातली मधातली वाट शेतातल्या पांदणीएवढी अरुंद असते. सरळ चाललात तर ठीक, जरा मान वळली की माणूस तुरीत. सुजाता म्हणते मी त्या चष्म्याच्या विरोधात आहे. मी विरोधात नाही. गिऱ्हाइकाला पांदण आधी दाखवतो, एवढंच.

म्हणून आमच्या दुकानात पहिला प्रश्न नंबरचा नसतो. मी विचारतो, पडदा कुठे ठेवता? लोकांना राग येतो.

"डोये तपासा ना काकाजी, घर कायले तपासता?"

मी तरी विचारतो. कारण मागे एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या, त्यांचा टीव्ही धुरकट झाला होता. मेकॅनिक येऊन गेला, वायर बदलली, छत्री फिरवली, धूर जाईना. शेवटी त्यांनी ठरवलं की सून ओल्या फडक्याने पडदा पुसते म्हणून तो खराब झाला. घरात दोघींचं बोलणं बंद. बाई आमच्याकडे आल्या त्या चष्म्याची दांडी बसवायला. मी विचारलं, टीव्ही पाहताना कोणता चष्मा लावता?

"हाच. भाजी निवडाचा. चष्मा तं चष्मा असते."

मी त्यांच्या नाकावरून चष्मा काढला आणि म्हटलं, समोरच्या दुकानाची पाटी वाचा. त्यांनी पाटी वाचली. खालचा फोन नंबरही वाचला. मग माझ्या हातातल्या चष्म्याकडे पाहिलं.

"मंग इतके दिवस सुनेले बोलली थे?"

"त्याची काच आपल्याकडे मिळत नाई, बाई," मी म्हटलं.

हिंगणीचा एक गडी तर बायफोकल उलटा लावून दुकानात आला. चंद्रकोर वर, दांड्या कानावर लोंबकळलेल्या. मला वाटलं थट्टा करून राह्यला. तसं नव्हतं. तो उताणा पडून मोबाईल पाहायचा. मोबाईल तोंडाच्या वर धरला की नजर काचेच्या वरच्या भागातून जाते आणि तिथे तर लांबचा नंबर. म्हणून त्याने डोकं चालवलं आणि चष्माच पालथा केला. मला त्याचं कौतुक वाटलं. तरी म्हटलं, अरे बावा, उठून बसून पाह्यत जा.

"बसून पाहाचं तं मंग मोबाईल कायले घेतला? टीव्ही होताच ना घरी."

त्याला झोपायचा वेगळा चष्मा करून दिला, पूर्ण काच जवळच्या नंबरची. लावून तो आमच्या बाकावरच उताणा पडला आणि खात्री करूनच उठला.

पण ज्याच्यासाठी हा कागद घेतला तो माणूस दादाराव.

आमच्या भागात कापूस मोजायला जिनिंगवर जातो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. दाराशीच जमिनीत बसवलेला लोखंडी काटा असतो. भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, त्यावर चढवायची, वजन घ्यायचं. कापूस उतरवून रिकामी बंडी पुन्हा चढवायची. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की उरतो तो माल. काट्याशेजारी एक खोली, खोलीत खुर्ची, खुर्चीवर दादाराव. समोर खिडकीपाशी आकड्यांचा डब्बा, त्यात लाल आकडे पेटतात. त्या डब्ब्याची वायर कॉम्प्युटरला, आणि कॉम्प्युटर चिठ्ठी छापतो.

चिठ्ठी छापायच्या आधी दादाराव वजनाचा पुकारा करायचा. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. दांडीचा जुना काटा होता तेव्हापासून तो करत आला. त्याचं म्हणणं असं, की कागद एकट्याच्या हातात जातो, आवाज सगळ्यांच्या कानात जातो. सगळ्या आवाराने ऐकलेलं वजन मग कोणाला खाता येत नाही. आवाजही तसा. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून लोक आपलं वजन ऐकायचे आणि उरलेला चहा पिऊन मग उठायचे. ज्यांना वाचता येत होतं तेही चिठ्ठी नुसती खिशात टाकायचे. दादाराव बोलला म्हणजे झालं.

त्या साली हंगाम लागला आणि पुकारा चुकायला लागला. तोंडातून निघे तीस, चिठ्ठीवर छापलेलं असे ऐंशी. लाल आकड्यातला आठ त्याला तीन दिसायचा. आता पाहा, कागदावर माल जास्त होता, शेतकऱ्याचं काही जात नव्हतं. पण लोक असा विचार करत नाहीत. लोकांनी म्हटलं, कागद आज चुकून खरा निघाला, याच्या मनात मात्र तीसच होते.

सगळ्यात पुढे कांताबाई. नवरा गेल्यापासून बाई स्वतःची बंडी स्वतः हाकत जिनिंगवर आणते. बैल तिला भितात, जिनिंगचा मालक तिला भितो. तिने भर आवारात विचारलं, "दादाराव, तुहं तोंड एक सांगते अन् कागद एक सांगते. आमी इस्वास कोणावर ठेवाचा?"

मालक म्हणाला, दादाराव, पुकारा बंद कर, नुसती चिठ्ठी देत जा. दादारावला ते लागलं. नुसती चिठ्ठी द्यायला तो कशाला पाहिजे, ती तर मशीनही देते. मालकाने सोमवारपर्यंत मुदत दिली. आणखी एकदा तोंड आणि कागद वेगळे झाले की पुकारा बंद, आणि तिथे दुसरा माणूस.

तो दुकानात शिरला तो नाक आभाळाकडे करून. मी ऐकून होतो की दादारावला अलीकडे गर्व चढला, मान वर करून बोलतो. तेव्हा मला कळलं की तो गर्व बायफोकलचा होता. वरच्या काचेतून डब्बा धूसर. म्हणून हनुवटी वर करून चंद्रकोरीतून पाहायचा, तरी धूसर, कारण चंद्रकोर पुस्तकाच्या अंतराची. दिवसभर मान वर. मानेला बामाचा वास.

"काकाजी, डोये गेले माहे," खुर्चीवर बसत तो म्हणाला. "आता बोलाचं तोंड बी जाते."

सुजाताने मशीनवर पाहिलं. डोळे ठणठणीत. लांबचं तर त्याला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "डोये नाई गेले. तुहा डब्बा मधात पडला, ना जवळ ना लांब. डोळ्यापासून डब्ब्यापर्यंत अंतर मोजून आण. अंदाजे नोको. निव्वळ अंतर आणजो."

दुसऱ्या दिवशी तो आला आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "दीड फूट. निव्वळ."

सुजाताने त्याच्याकडे पाहिलं. "दीड फूट? दादा, इतक्यावर तर लोक पेपर वाचतात. पुन्हा एकदा मोजता का?"

"बाई," तो म्हणाला, "म्या मोजलेलं आजवर कोणी पुन्हा मोजलं नाई."

मलाही सुनेचा राग आला. ज्याचा जन्म मापात गेला त्याला माप विचारायचं? मी तसं म्हटलंही, जरा मोठ्याने. तिने ओठ मिटले. तिचं ते मिटणं मला ओळखीचं आहे, त्याच्यात बराच मजकूर असतो.

चष्मा तयार झाला. दुकानात दीड फुटावर आकड्यांचा कागद धरून मी त्याच्याकडून वाचून घेतला. एकही चूक नाही. तीन तीन दिसला, आठ आठ दिसला. दादाराव खूश. जाताना सुजाताला म्हणाला, "पाह्यलं ना बाई?" आणि हनुवटी खाली ठेवून, सरळ माणसासारखा निघून गेला.

सोमवारी दुपारी तो परत आला. चष्मा नाकावर नव्हता, मुठीत होता. काउंटरवर असा ठेवला की सुजाताने आधी काच फुटली का ते पाहिलं.

"घ्या. तुमचं तुमच्याजवळ ठेवा."

"काय झालं?"

"नऊशे तीस म्हटलं. चिठ्ठी निंगाली नऊशे ऐंशी. अन् बंडी कोणाची? कांताबाईची!"

म्हणजे व्हायचं ते सगळं झालं होतं. कांताबाईने काट्यावरून बैल हलवायला नकार दिला. मागे बंड्यांची रांग. मालक बाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, उद्यापासून पुकारा बंद. दादाराव खुर्ची सोडून उठला, काटा मालकाच्या हवाली केला आणि सायकल काढून सरळ आमच्याकडे.

"चष्मा बरोबर आहे," मी म्हटलं.

"धूसर आहे."

"तुले दुकानात दिसत होतं."

"मी दुकानात वजन करतो का?"

"मंग माप चुकलं असन."

हे म्हणायला नको होतं. तो दोन पावलं मागे गेला. "माप? माहं?" नंबर चुकला म्हणणं त्याला मंजूर, मशीन खोटी म्हणणं मंजूर, मी म्हातारा झालो म्हणणं तर फारच मंजूर होतं आणि ते तो म्हणालाही. मीही ऐकून घेणाऱ्यातला नाही. बाजारातली चार माणसं दारात जमा झाली. शेवटी सुजाताने आपल्या पर्समध्ये मोजायची टेप टाकली, स्कूटीची किल्ली घेतली आणि म्हणाली, "मामाजी, मागे बसा. दादा, तुम्ही सायकल घ्या पुढे."

मला सुनेच्या मागे स्कूटीवर बसायला आवडत नाही. त्या दिवशी बसलो.

जिनिंगवर पोचलो तेव्हा मालक स्वतः काट्याच्या खोलीत बसून चिठ्ठ्या फाडत होता आणि घामाने भिजला होता. आम्हाला पाहून उठला आणि खुर्ची मोकळी केली. कांताबाई हिशेब घेऊन परत चालली होती ती थांबली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

मी दादारावला म्हटलं, बस, जसा रोज बसतो तसा. तो बसला. पाठ खुर्चीला टेकलेली, समोर टेबल, टेबलावर कॉम्प्युटरच्या कळा आणि चिठ्ठ्यांचं मशीन. टेबलाच्या पलीकडच्या काठाशी खिडकी, खिडकीत डब्बा. शेतकऱ्यांनाही बाहेरून वाकून पाहता यावा म्हणून तिथे ठेवलेला. सुजाताने टेपचं टोक दादारावच्या कानशिलाला लावलं आणि दुसरं डब्ब्याला.

"तीन फूट," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही, ही तिची सभ्यता.

"तीन?" मी म्हटलं. "दादाराव, दीड म्हटलं ना तू?"

"हो मंग. तीन भरती झाली. निव्वळ काढा ना."

"म्हंजे?"

"मधातलं टेबल वजा करा. दीड फुटाचं टेबल आहे. तीनातून दीड गेलं, दीड उरलं. निव्वळ."

मला क्षणभर काहीच समजलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी गंभीर होता.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कापूस असो की धान्य, पोतं, गोणपाट, जे काही मालाबरोबर काट्यावर चढतं पण माल नसतं, त्याला बारदान म्हणतात. सगळं मिळून भरतं ती भरती, त्यातून बारदानाचं वजन वजा करायचं. उरतं ते निव्वळ. दादारावने उभी हयात हे केलं. काट्यावर तो कधी एकटा माल पाहत नाही, त्याला आधी बारदान दिसतं. रिकामी बंडी, ताडपत्री, बंडीवर बसून राहिलेलं पोरगं, सगळं बारदान. मी त्याला सांगितलं निव्वळ अंतर आण. माझ्या मनात निव्वळ म्हणजे नेमकं. त्याने प्रामाणिकपणे टेप लावली, तीन फूट मोजले, पाहिलं की या अंतरात मधात एक टेबल बसलेलं आहे जे अंतर नाही, आणि ते वजा केलं.

"अरे बावा," मी म्हटलं, "टेबल वजा केलं तं डब्बा काय उडी मारून जवळ येईन का?"

"ते मले काय विचारता? तुमीच म्हटलं निव्वळ. निव्वळ म्हंजे काय? बारदान वजा जाता. लहान पोट्टं बी सांगन."

"निव्वळ म्हंजे नेमकं!"

"तुमच्या दुकानात असन. काट्यावर नाई."

"दुकानात तं तू आला होता!"

"पन मोजलं म्या काट्यावर!"

कांताबाई खिडकीतून डोकं आत घालून ऐकत होती. तिने पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. "मायवं! आता दोघायचे डोस्के बी वजा करा," ती म्हणाली, "मंग पाहा काई निव्वळ उरते का!"

सुजाता कापसाच्या गाठोड्यावर बसून हसत होती. मालक भिंतीकडे तोंड करून हसत होता. रांगेतल्या लोकांपर्यंत गोष्ट गेली आणि रांग हसायला लागली. "टेबल बारदान!" असं कोणीतरी ओरडलं. दादाराव तेवढा हसला नाही, आणि मीही नाही. निव्वळ या शब्दावर आमचा निकाल आजपर्यंत लागलेला नाही. तो समोर आला की मी म्हणतो नेमकं, तो म्हणतो वजा जाता, आणि मग आम्ही चहा घेतो.

हसणं थांबलं तशी मी मालकाला म्हटलं, "शेठ, रोग सापडला. आज संध्याकाळी याले तीन फुटाचा चष्मा देतो. पुकारा चालू ठेवा."

मालक चांगला माणूस आहे, पण धंदेवाला आहे. तो दादारावला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकाजी, चष्मा बरोबर असन. पन लोक आता हसून राह्यले अन् उद्या पुन्हा विचारतीन. पुकारा मी ऐकून काय करू? ऐकाचं त्यायले आहे. उद्या सकाळी कोणी एकानं जरी आपली बंडी याच्या तोंडावर मोजू दिली, तं मी कायले बंद करू? नाई तं याले दुसरीकडे कुठे बसवतो. उपाशी नाई मारत."

मी रांगेकडे पाहिलं. सगळे हसत होते, पण जो तो आपापली चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होता. दादारावही ते पाहत होता. लांबचं त्याला स्वच्छ दिसतं, हे मी आधी लिहिलंच आहे.

दुकानात आल्यावर सुजाता म्हणाली, नागपूरला फोन करते, परवापर्यंत काच येईल. मी म्हटलं, परवा काय कामाचं. बायफोकल नको, साधी एका नंबरची काच चालेल. वाचायला जुना चष्मा आहेच, आणि रस्त्यावरचं पाहायला त्याला चष्माच लागत नाही. तीन फुटाच्या नंबरची कोरी काच कपाटात होती. आता काच कापायचं काम मशीन करतं आणि ते मशीन नागपूरला आहे. पण माझा घासायचा दगड मी फेकू दिला नव्हता. घरात यावरून कितीदा बोलणी खाल्ली आहेत. दगडावर पाणी सोडलं आणि बसलो.

काच घासताना बोटांनी पाहावं लागतं. फ्रेमच्या खाचेत काच बसली की एक बारीक आवाज येतो, तो आला की थांबायचं. बऱ्याच वर्षांत हात लावला नव्हता, कडेला एक टवका उडाला. फ्रेमच्या आत गेला, दिसत नाही. पण मला माहीत आहे तो आहे. ही एक रुखरुख राहिली. पूर्वी माझ्या काचेला टवका नसायचा.

दिवेलागणीला दादाराव आला. या वेळी मी त्याच्या डोळ्यांपासून तीन फुटांवर कागद धरला, टेपने मोजून, आणि मधात मुद्दाम स्टूल ठेवलं.

"स्टूल वजा करू नोको," मी म्हटलं.

"वाचू का बोलू?" तो म्हणाला.

त्याने वाचलं. सगळे आकडे. मग चष्मा काढून हातात धरला आणि पुसला. पुसायची गरज नव्हती.

"दिसते, काकाजी. पन उद्या पुकारा कोणासाठी करू? मालकानं तुमाले सांगतलं थे मले समजलं. बंडी कोण आणन? म्या म्हटलं अन् कोणी ऐकलंच नाई, तं बरोबर काय अन् चूक काय."

धीराचे शब्द मला येत नाहीत, कधी आले नाहीत. त्याला म्हटलं, चष्मा रात्री डबीत ठेव, आणि वेळेवर कामावर जा.

तो गेल्यावर मी सुजाताला सांगितलं, की उद्या दुकान तू उघडजो, मला यायला उशीर होईल. माझी जरा शेती आहे, सेलूबाहेर, एक हिस्सेदार करतो. कापूस वेचून घरात पडून होता. भाव चढायची वाट पाहत होतो, आणि चढणार अशी माझी खात्री होती. सुजाता म्हणाली, "मामाजी, तुम्ही तर संक्रांतीशिवाय विकणार नव्हते." मी म्हटलं, तुला कापसातलं काय कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिस्सेदाराची बंडी भरून मी जिनिंगवर सगळ्यांच्या आधी गेलो. थंडी होती. रांगेत चारपाच बंड्या येऊन लागल्या, त्यात कांताबाईचीही, उरलेला कापूस घेऊन. मालक दारात उभा होता. काट्यावर बंडी चढली तशी सगळी माणसं खिडकीपाशी गोळा झाली, लाल आकडे पाहायला. मी खिडकीकडे आणि डब्ब्याकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

"काय जी चष्मेवाले," कांताबाई म्हणाली, "तिकडे काय पाहून राह्यले? डब्बा इकडे आहे."

"डब्बा पाहाले माणूस ठेवला आहे ना," मी म्हटलं. "मी ऐकाले आलो."

मग दादारावने पुकारा केला. पहिला आकडा जरा दबका निघाला, पुढचे मोकळे. टपरीवरचा चहावाला हातातलं भांडं धरून बाहेर आला. कापूस उतरवला, रिकामी बंडी चढवली, त्याने पुन्हा पुकारा केला, आणि मग निव्वळ. मी वळलो नाही. मागे मशीन खरखरलं आणि खिडकीपाशी सगळे पुढे वाकले. कोणीतरी आकडे पुटपुटत जुळवत होतं. मग कांताबाईचा आवाज आला, पण तो माणसांसाठी नव्हता. ती बैलांना काट्याकडे वळवत होती.

दादारावने चिठ्ठी खिडकीतून पुढे केली. मी ती न उघडता दुमडली, खिशात घातली आणि दुकानाकडे निघालो.